विषाणूचाही 'सातबारा' असतो! साथ कुठून आली ते कळतं, पण एका अटीवर

अहिल्यानगर : साथ आली की पारनेर असो, अकोले असो की पाथर्डी, पारावर पहिला प्रश्न एकच. कोण आलं, कुठनं आलं? २०२० मध्ये वेशीवर काट्या टाकून रस्ते अडवले गेले ते यापायीच. मुंबईहून आलेली पोरं शाळेच्या खोल्यांत १४ दिवस राहिली. ही शंका खरी की खोटी, हे तपासायचं साधन आता आहे : जिनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे विषाणूची जनुकीय तपासणी.

प्रकार सातबाऱ्यासारखाच. कोरोना विषाणूचा जिनोम म्हणजे सुमारे ३० हजार अक्षरांचा उतारा. विषाणू पसरताना त्यात साधारण महिन्याला दोन बदल होतात. हे बदल म्हणजे फेरफार. फेरफार मागे मागे वाचत गेलं की जमीन कुणाकडून आली ते कळतं, तसंच इथं. दोघांच्या नमुन्यात तेच फेरफार असतील, तर साखळी एकच असण्याची शक्यता मोठी.

पिंपरी-चिंचवडचं उदाहरण घ्या. २४ नोव्हेंबर २०२१ ला नायजेरियातील लागोसहून एक महिला दोन मुलींसह भावाकडे आली. ५ डिसेंबरला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा अहवाल आला. त्या तिघी आणि परदेशात न गेलेला भाऊ व त्याच्या दोन मुली, सहाही जणांना ओमायक्रॉन. तेव्हा राज्यात ओमायक्रॉनचे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्यामुळे माग सरळ लागला. त्याच महिन्यात नगर जिल्ह्याचं नावही यादीत आलं.

पण 'बाहेरच्यानं आणला' हे दरवेळी खरं नसतं. दुसऱ्या लाटेत घराघरात माणसं नेणारा डेल्टा विमानातून आलेला नव्हता. तो पहिल्यांदा भारतातच, ऑक्टोबर २०२० च्या नमुन्यांत सापडला. उलट तो इथून बाहेर गेला. इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी हजारो जिनोम तपासले, तेव्हा डेल्टा त्यांच्या देशात एक-दोनदा नव्हे, एक हजाराहून जास्त वेळा शिरल्याचं दिसलं. आणि ज्या साखळ्यांनी पुढं लाट आणली, त्या प्रवासबंदीच्या आधीच आत आलेल्या होत्या. वेशीवरच्या काट्यांचंही असंच. माणूस येऊन आठवडा झाल्यावर टाकलेल्या काट्या काय अडवणार?

आपल्याच जिल्ह्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये ६१ गावं ४ ते १३ तारखेपर्यंत बंद ठेवली होती. निकष होता दहाहून जास्त सक्रिय रुग्ण. आकडा सांगतो साथ कुठे आहे. ती एका लग्नातून पसरली की चार वेगवेगळ्या वाटांनी आली, हे आकडा सांगत नाही. एकच वाट असेल तर तेवढे संपर्क शोधून भागतं, सगळं गाव बंद करून दुकानदाराचं आणि रोजंदारीवाल्याचं पोट मारायची गरज नसते.

अर्थात मर्यादा आहेत. स्वॅबमध्ये विषाणू भरपूर लागतो, अहवालाला दिवस लागतात, तोवर रुग्ण बरा झालेला असतो. उपचारासाठी ही तपासणी नाहीच. शिवाय नुसत्या जिनोमवर 'याच माणसानं आणला' असं छातीठोक म्हणता येत नाही. दोघांनी एकाच तिसऱ्याकडून घेतलेला असू शकतो.

म्हणून सोबत प्रवासाची खरी माहिती लागते. आणि गाडं अडतं ते इथंच. गावात नाव होईल, घरच्यांना पाणवठ्यावर टोमणे बसतील, या भीतीनं माणूस आशाताईंना 'कुठंच गेलो नव्हतो' असं सांगतो. मग पुण्याच्या प्रयोगशाळेत ३० हजार अक्षरं वाचून होतात आणि अर्जावरचा प्रवासाचा रकाना रिकामाच राहतो.