पिकअपला पॉवर विंडो? आधी फक्त डावी काच विका

जुन्या गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या धंद्यावर व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न हमखास येतो. "सर, जुन्या पिकअपला पॉवर विंडो बसवून द्यायचं काम सुरू केलं तर चालेल का?" माझं उत्तर हो असं आहे. पण ज्या पद्धतीने बहुतेक जण हे काम सुरू करतात, त्या पद्धतीने नाही. बाजारातून दोन दारांचं किट आणायचं, शेजारच्या दुकानापेक्षा दोनशे रुपये कमी सांगायचं, दुपारपर्यंत बसवून गाडी सोडायची. असं केलंत तर सहा महिन्यांत तुम्ही गाळ्याचं भाडं घरातून भरत असाल.

आधी गिऱ्हाईक समजून घ्या. टाटा एस, बोलेरो पिकअप, दोस्त, जुनी 207, यांच्या केबिनमध्ये कोण बसतं? बहुतेक वेळा एकटा ड्रायव्हर. पूर्वी सोबत क्लीनर असायचा, आता भाड्यातून त्याचा पगार निघत नाही. उजव्या हाताची काच त्याला काहीच त्रास देत नाही, हँडल हाताशी आहे. अडचण डाव्या काचेची आहे. नारायणगावहून टोमॅटो भरून वाशी मार्केटला निघालेला माणूस माळशेजमध्ये पावसात सापडला, तर डावी काच लावायला त्याला गाडी बाजूला घ्यावी लागते. डावीकडच्या माणसाला पत्ता विचारायचाय, काचेवर वाफ धरली म्हणून डावा आरसा दिसत नाही, गाळ्यावर रिव्हर्स घेताना हमालाचा आवाज ऐकायचाय, पाच मिनिटं चहाला उतरायचंय आणि सीटवर बिल्टी पडलीय. प्रत्येक वेळी तिकडे आडवं व्हायचं. चाळिशीच्या पुढच्या ड्रायव्हरला विचारा, कंबर काय म्हणते ते.

म्हणजे त्याला 'पॉवर विंडो' नकोच आहे. त्याला आपल्या सीटवरून डावी काच वर-खाली करायची आहे. म्हणून माझं मत असं, की पोटासाठी चालणाऱ्या पिकअपला फक्त डाव्या दाराची काच इलेक्ट्रिक करा आणि उजवीला हँडलच ठेवा. खर्च साधारण निम्म्यावर येतो, बिघडणारी वस्तू एकच राहते. आणि एक फायदा असा, जो दुकानदार सांगत नाहीत. पावसाळ्यात फरशी पुलावर गाडी अडकली, पाणी वायरिंगमध्ये गेलं आणि करंट गेला, तरी ड्रायव्हरच्या हाताशी एक काच अशी आहे जी बॅटरीशिवाय उघडते. कोकणात आणि विदर्भात हे ऐकल्यावर लोक मान डोलावतात, कारण त्यांनी ते पाहिलेलं असतं.

एक अडचण आहे, ती आधीच सांगतो. किट सहसा जोडीने विकलं जातं. त्यातही दोन प्रकार. एकात हँडलच्या दांड्यावर मोटर चढते आणि जुनं मशीन तसंच राहतं. हे बहुतेक डावी-उजवीकडे कुठेही बसतं, म्हणजे एका जोडीत दोन गाड्या होऊ शकतात, फक्त स्विच आणि वायरिंग जास्तीचं घ्यावं लागेल. दुसऱ्या प्रकारात काचेचं अख्खं मशीन मोटरसकट बदलतं. यात डावं वेगळं, उजवं वेगळं. जोडी घेतली तर उजवं फळीवर पडून राहील. त्यामुळे होलसेलवाल्याशी सुरुवातीलाच बोला, सुटं डावं मशीन देतोस का विचारा. मला विचाराल तर, त्या मॉडेलचं मिळत असेल तर अख्खं मशीनच बसवा. दहा वर्षं हँडल फिरवून दांड्यावरचे दाते झिजलेले असतात, त्यावर मोटरची टोपी चढवली की काही महिन्यांत ती जागेवरच फिरायला लागते.

आता खरी गोष्ट. या धंद्यात पैसे बुडतात ते मोटरमुळे फार कमी, जुन्या दारामुळे जास्त.

पिकअपचं दार म्हणजे काय? मातीच्या रस्त्याची धूळ, भाजीचं पाणी, दिवसातून पन्नास वेळा धाडकन आपटणं. काच ज्यात सरकते ते चॅनेलचं रबर कडक झालेलं, कुठेतरी फाटलेलं. हँडलने ड्रायव्हर जोर लावून काच वर घेतो, त्याला ते कळतही नाही. तोच जोर तुम्ही मोटरला लावायला सांगता. मोटर जास्त करंट ओढते, गरम होते, मध्येच थांबते. चार महिन्यांनी गाडी परत तुमच्या दारात आणि तोंडावर वाक्य, "तुमची मोटर डुप्लिकेट निघाली."

म्हणून एक परीक्षा ठरवून टाका. काम घ्यायच्या आधी गिऱ्हाइकासमोर हँडल दोन बोटांनी फिरवून बघा. काच अडली, तिरकी झाली, बोटं दुखली, तर आधी चॅनेल रबर बदलणं, मशीन साफ करून वंगण घालणं, रबराला सिलिकॉन स्प्रे मारणं हे काम. रबरावर ग्रीस थापू नका, धूळ चिकटून महिनाभरात त्याची लुकणी होते. या कामाचे पैसे वेगळे सांगा. काही गिऱ्हाइकं म्हणतील, "अहो, आता हँडलच इतकं हलकं फिरतंय, मोटर राहू द्या." राहू द्या. एक विक्री गेली असं वाटेल, पण तो माणूस स्टँडवर जाऊन चार जणांना सांगणार, याने मला नको ती वस्तू गळ्यात मारली नाही. पिकअपवाल्यांचं स्टँड हे कुठल्याही फ्लेक्सपेक्षा मोठं आहे, चांगल्यासाठीही आणि वाईटासाठीही.

दुसरी गोष्ट वायरिंगची, आणि इथे मी कुणाला सूट देत नाही. काच वर जाताना मोटर साधारण 5 ते 10 अँपिअर करंट घेते, अडकली तर त्याच्या दुपटीपर्यंत सहज जाते. हा करंट रेडिओच्या किंवा केबिन लाइटच्या वायरला जोड मारून घेतला तर वायर तापणार. मागे रात्रभर कांदा भरलेला आणि पुढे डॅशबोर्डमधून धूर, याची कल्पना करा. बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणा, फ्यूज बॅटरीच्या जवळ घाला, मध्ये रिले घ्या आणि रिलेला चावीनंतरचा करंट द्या. चावी काढली की काच हलता कामा नये. बाजारातल्या बऱ्याच साध्या किटमध्ये काचेखाली हात आला तर थांबण्याची सोय नसते. रविवारी हीच पिकअप देवाला जाते, केबिनमध्ये पोरं असतात, त्यांच्या हाताला स्विच लागतो.

फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणारे मेकॅनिक मी पुष्कळ पाहिलेत. फ्यूज वायरला वाचवायला असतो. जाड वायर न टाकता मोठा फ्यूज घातला तर आता फ्यूजच्या जागी वायर जळेल, एवढाच फरक.

दारात वायर जाते तिथे, बिजागरीजवळ, रबरी नळी घाला आणि वायर थोडी सैल ठेवा. दार हजारो वेळा उघडतं, ताणलेली वायर आतून तुटते आणि दोष शोधायला अर्धा दिवस जातो. पॅड बसवायच्या आधी काच पूर्ण खाली घेऊन वायर तिच्या वाटेत येत नाही ना ते बघा. आतला प्लॅस्टिकचा कागद फाडून फेकू नका, परत चिकटवा. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं काडी घालून मोकळी करा. मोटर त्याच पाण्याच्या शेजारी बसणार आहे.

एक हत्यार मात्र घ्याच, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. विकत घेताना 'डीसी' आहे का ते बघून घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त घरातल्या विजेचा, म्हणजे एसी करंट मोजतात. काम झालं की इंजिन चालू ठेवून काच वर घ्या आणि किती अँपिअर आले ते बिलावर लिहा. समजा 6 आले. चार महिन्यांनी गाडी परत आली आणि तोच मीटर 11 दाखवतोय, तर काच कुठेतरी अडतेय, हे गिऱ्हाइकालाही दिसतं. वाद तिथेच संपतो. असं बिल तुमच्या गावात दुसरं कोणी देत नसेल, बघा विचार करून.

आता हिशेब. पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे आकडे घालून परत करा. धरा, गाळ्याचं भाडं 8,000, मदतनीस 12,000, वीज-फोन आणि किरकोळ 2,000, हत्यारांचा हप्ता 3,000. झाले 25,000. तुमचा स्वतःचा पगार 25,000. हो, तो धरायचाच, घरचे फुकट जेवत नाहीत. महिन्याला 50,000, दिवस 25, म्हणजे रोज 2,000. दिवसभर दुकान उघडं असलं तरी हातात पाना असण्याचे तास पाचच धरा, बाकी वेळ चहा, फोन, पार्ट आणणं यात जातो. तर तुमचा एक तास 400 रुपयांचा झाला. नवशिक्याला जुन्या पिकअपची दोन दारं नीट करायला पाच तास लागतात असं धरलं तर मजुरी 2,000. शेजारचा 800 मध्ये करतो म्हणून तुम्हीही 800 घेतलेत, तर प्रत्येक गाडीमागे 1,200 तुम्ही गिऱ्हाइकाला खिशातून दिलेत. आणि गाडी परत येऊन दोन तास गेले तर आणखी 800.

तेच फक्त डाव्या दाराचं काम अडीच तासांत झालं तर मजुरी 1,000. गिऱ्हाइकाला आकडा झेपतो, तुमचा तास वसूल होतो. "शेजारी दोन्ही दारं 800 मध्ये करतो" असं कोणी म्हणालं तर भांडू नका. फ्यूज कुठे बसवला, वायर किती जाडीची टाकली आणि किती महिन्यांची लेखी गॅरंटी दिली, एवढे तीन प्रश्न त्याला विचारून यायला सांगा.

लोन घेऊन मोठं दुकान टाकू नका. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळतं, हत्यारं आणि पहिला माल एवढ्यात बसतो. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. आणि मी तर म्हणतो, आधी तीन महिने एखाद्या चांगल्या गाड्यांच्या वायरमनकडे हाताखाली काम करा. पगार नाही मिळाला तरी चालेल.

फक्त पॉवर विंडोवर दुकान चालणार नाही, हे पण स्पष्ट सांगतो. एकाच वस्तूवर उभं राहिलेल्या दुकानांचं काय होतं ते 2012 मध्ये बघितलं आपण. सुप्रीम कोर्टाने काचेवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली आणि फक्त फिल्म लावणारे काही आठवड्यांत रिकामे बसले. सेंट्रल लॉक, रिव्हर्स कॅमेरा, केबिनचा पंखा, मोबाइल चार्जर, जास्तीचे दिवे, हे सगळं त्याच वायरमनच्या हाताचं काम आहे. वॉरंटीतल्या नव्या गाडीची वायर मात्र कापू नका. कंपनीने उद्या क्लेम नाकारला तर बोट तुमच्याकडे येईल. आणि गिऱ्हाइकाला सांगा, बाहेरून बसवलेलं इलेक्ट्रिक सामान विम्यात धरायचं असेल तर विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी लागते.

गिऱ्हाईक शोधायचं कुठे? व्यावसायिक गाडीला आठ वर्षं होईपर्यंत फिटनेस दर दोन वर्षांनी लागतं, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे तुम्हाला हवी असलेली प्रत्येक जुनी पिकअप वर्षातून एकदा डेंटर-पेंटरकडे दोन-तीन दिवस उभी असते. दाराचं पॅड तसंही निघालेलं असतं, भाडं तसंही बुडालेलं असतं. तुमचा अर्धा वेळ तिथेच वाचतो. या आठवड्यात एक काम करा. तुमच्या तालुक्याच्या गावात किती डेंटर आहेत ते मोजा, प्रत्येकाकडे जाऊन चहा घ्या आणि आज त्याच्या दारात हँडलच्या काचेच्या किती पिकअप उभ्या आहेत ते वहीत लिहा. आकडा खाली कमेंटमध्ये टाका, गावाच्या नावासकट. दहापेक्षा जास्त आल्या तर पुढचा हिशेब आपण तुमच्याच आकड्यांवर करू.