वही तपासून झाली, कविता कधी?

पहिली-दुसरीतल्या मुलाच्या घरी कवितेबद्दल एकच प्रश्न विचारला जातो: पाठ झाली का? रात्री साडेनऊला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चौकशी सुरू होते, उद्या तोंडीला कोणत्या कविता आहेत? यादी येते. पेंगुळलेल्या मुलाला उठवून बसवतात, कडवी म्हणून घेतात, अडलं की ओरडतात. सकाळी बाईंसमोर कविता म्हणून होते, श्रेणी मिळते आणि ती कविता त्या घरातून कायमची जाते. वही तपासली, प्रकल्पाचा तक्ता आईने स्वतः रंगवून दिला, कविता म्हणून घेतली, म्हणजे पालक म्हणून आपण कमी पडलो नाही, अशी समजूत होते. माझा या समजुतीलाच विरोध आहे. ही सगळी देखरेख झाली. मुलाच्या शिकण्यात खरा वाटा उचलायचा असेल, तर आईबापांनी मुलासोबत स्वतः कविता म्हटली पाहिजे. परीक्षा नसताना, रोजच्या कामाच्या ओघात. हे मी कळकळीने मांडते आहे, कारण याविरुद्ध जे जे बोललं जातं ते ऐकायला पटण्यासारखं असतं आणि त्यापायी मुलांचं मोठं नुकसान होतं.

पहिला आक्षेप शिकल्यासवरल्या लोकांचा. पाठांतराचे दिवस गेले, आता आकलन महत्त्वाचं, न कळता ओळी घोकून काय मिळणार? घोकंपट्टीबद्दलची त्यांची चीड मला मान्य आहे. पण घोकंपट्टी नेमकी कुठे चालते ते पाहा. दहावीला रसग्रहणाचा प्रश्न असतो. कवितेचा विषय काय, ओळींचा अर्थ काय, कविता का आवडली, हे मुलाने आपल्या मनाने लिहावं अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मुलं ‘कविता आवडण्याचे कारण’सुद्धा गाइडमधून पाठ करून जातात. दुसऱ्या कुणाला तरी कविता का आवडली, ते हजारो मुलं आपलं म्हणून लिहितात. शिक्षणाची खरी विटंबना ही आहे, आणि ती करताना मूळ कविता पाठ असावीच लागत नाही. तोंडी बसलेली कविता मात्र मुलाच्या मालकीची होते. आज तिच्यातला ठेका कळतो, परवा एखादा शब्द उलगडतो, अर्थ कदाचित दहा वर्षांनी भेटतो. विंदा करंदीकरांसारख्या ज्ञानपीठ मिळवणाऱ्या कवीने ‘राणीची बाग’ आणि ‘एटू लोकांचा देश’ ही पुस्तकं मुलांसाठी लिहिली, ती काही आकलनाचे प्रश्न विचारता यावेत म्हणून नव्हे. शब्दांशी दंगा करण्याचा हक्क मुलांना आहे, असं ती पुस्तकं मानतात.

हा दंगा कसा चालतो ते मी शेजारच्या घरात पाहिलं आहे. बाप खाली बसून मेथी निवडत होता, चार वर्षांची मुलगी काड्या वेगळ्या करत होती. तो एक बालगीत म्हणत होता आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबत होता. तो शब्द तिने घालायचा. दोन-तीन ओळी तिने बरोबर पुऱ्या केल्या. मग मुद्दाम चुकीचा शब्द घातला आणि बापाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने डोळे वटारले, ती खिदळली. पुढच्या ओळीत तिने घरातल्या मांजराचं नाव घातलं. ते लांब होतं, ओळीत बसेना. तिने दोनदा म्हणून पाहिलं, स्वतःशीच मान हलवली आणि ‘मनी’ म्हटलं. बसलं. यमक म्हणजे काय, मात्रा म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ओळीत किती मावतं हे तिच्या कानाला कळलं होतं, आणि नको असलेला शब्द काढून दुसरा शोधण्याचं कामही तिने केलं होतं. एवढं होईपर्यंत मेथीची एक जुडी निवडून झाली होती.

यावर लगेच उत्तर येतं, यूट्यूबवर हीच गाणी चित्रांसकट आहेत, मुलं ती आवडीने पाहतात आणि आम्हाला स्वयंपाकाला तेवढी उसंत मिळते. थकलेल्या आईला उसंत हवी, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो फोन आईबापाची जागा घेतो या दाव्याशी. फोनवरचं गाणं शेवटच्या शब्दाआधी मुलासाठी थांबत नाही. चुकीच्या शब्दावर डोळे वटारत नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या इंग्रजीभाषक घरांतल्या बाळांशी काही जण समोर बसून चिनी भाषेत बोलले, खेळले, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. ती बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. दुसऱ्या बाळांना तेच बोलणं पडद्यावर दाखवलं किंवा नुसतं ऐकवलं. त्यांना ते जमलं नाही. आवाज तेच, शब्द तेच, माणूस मात्र समोर नव्हता. मोठं मूल पडद्यावरून काही शिकतंही, पण तान्ह्या वयात भाषा अंगात भिनते ती समोरच्या माणसाकडून. ते काम फोनवर सोपवता येणार नाही.

तिसरा प्रश्न मार्कांचा. कवितेने गणित सुधारतं का, स्पर्धेत उपयोग होतो का? उपयोगच हवा असेल तर तोही आहे. पीटर ब्रायंट, लिनेट ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये 64 मुलांचा तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. तिसऱ्या वर्षी ज्यांना बडबडगीतं जास्त येत होती, ती मुलं पुढे वाचनात सरस ठरली. बुद्ध्यांक आणि घरची पार्श्वभूमी जमेस धरूनही. यमक ऐकणाऱ्या कानाला शब्दाचे तुकडे ऐकू येतात आणि वाचायला शिकताना त्याच तुकड्यांना अक्षरं जोडायची असतात. हा अभ्यास 1989 चा आणि इंग्रजीचा आहे. आपली लिपी निराळी, म्हणून तो मराठीला जसाच्या तसा लावू नये. पण कान आधी आणि अक्षर नंतर, हा क्रम आपल्या बालवाडीच्या बाईंनाही अनुभवाने ठाऊक असतो. तरीही वाचन सुधारतं एवढ्याच भांडवलावर मी कवितेची बाजू लढवणार नाही. भीती, हुरहूर, मत्सर, आनंद यांना शब्द मिळालेलं मूल आणि न मिळालेलं मूल यांच्यातलं अंतर कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही, आणि तेच अंतर मला सर्वांत मोठं वाटतं.

मूल इंग्रजी माध्यमात आहे, मराठी कवितेने गोंधळेल, अशीही एक भीती असते. दोन भाषांनी मुलं गोंधळून जात नाहीत. जगभरची कोट्यवधी मुलं हे रोज दाखवतात. ज्या भाषेत आईला हसू येतं, त्या भाषेत कविता म्हणावी.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे. आम्ही शिकलेले नाही, आम्हाला कविता काय येणार? आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाला हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? यातल्या दुसऱ्या प्रश्नापुढे मी मान खाली घालते. बीडहून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचा दिवस पहाटे फडात सुरू होतो. त्यांच्या मुलाला गावात राहून शिकता यावं, त्याला निवारा आणि जेवण मिळावं, हे सरकारचं काम आहे, आणि ते झालं नाही तर दोष आईबापाच्या माथी मारू नये. पण आम्हाला काय येणार, हे मला मुळीच मान्य नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात काम करताना त्या ओव्या रचत गेल्या; मुलगा सोपानदेव कवी झाला; घरच्यांनी लिहून घेतलेलं ते काव्य त्यांच्या निधनानंतर 1952 साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने छापलं गेलं. हे एकट्या बहिणाबाईंचं लेणं म्हणून बाजूला काढता येणार नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारांहून अधिक गावांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या 1,00,000 च्या वर गेली. त्या गाणाऱ्या बहुतेक बायांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. ज्या घरात आजीला पन्नास ओव्या येतात आणि आई भोंडल्याची गाणी सलग म्हणते, त्या घराला आपण ‘शैक्षणिक वातावरण नाही’ असा शेरा देतो. शेरा देणाऱ्यांनी तो परत घ्यावा.

आणि शाळेने आपल्याकडूनही काही करावं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण निम्म्या जागा स्त्रियांना असाव्यात असं ठरवलं. किती शाळांत या आयांना सहीपलीकडे काही विचारलं जातं? सभा भर दुपारी ठेवली की मजुरी बुडते, म्हणून त्या येत नाहीत, आणि मग पालक उदासीन असल्याची नोंद होते. सभा संध्याकाळी घ्या. विषयपत्रिकेवर गणवेश, पोषण आहार, हजेरी या विषयांच्या आधी दहा मिनिटं ठेवा. त्यात एका आईने, एका बापाने, एका आजीने आपल्याला येणारं गाणं मुलांसमोर म्हणावं. मुलांनी ते आपल्या वहीत उतरवून घ्यावं, बाईंनी त्यावरून अक्षरं शिकवावीत, आणि मूल घरी गेल्यावर त्याला पुढचं कडवं आजीलाच विचारावं लागेल अशा बेताने ते अर्ध्यावर सोडावं.