विश्लेषण : सुरुंग टळला, पण खडकाचे काय?

गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जाणार आहेत. सुरुंगांऐवजी बोगदा खोदणारे यंत्र वापरण्याचा निर्णय योग्यच. त्याने वरच्या जंगलाला हादरे कमी बसतात. पण म्हणून ‘जंगलाला धक्काच नाही’ म्हणणे फसवे आहे.

यंत्र जमिनीत उतरवायला आधी मोठा खड्डा लागतो. तो चित्रनगरीत आहे. तिथली ९५ झाडे तोडायला सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये परवानगी दिली.

खडक किती निघेल?

बोगदे दोन, लांबी ४.७ किलोमीटर. व्यास १३ मीटर धरला, तरी १२ लाख घनमीटरांहून अधिक. फुटलेला खडक साधारण दीडपट जागा व्यापतो. दहा घनमीटरच्या डंपरने हिशेब केला, तर पावणेदोन लाखांवर खेपा होतात आणि चित्रनगरीचा रस्ता आजच कोंडलेला आहे.

गोरेगाव-मालाडच्या पूर्वेकडील जुन्या खाणींचा अनुभव आठवावा. खडी शहरभर गेली. उभे कडे आणि खड्डे मात्र मागे राहिले.

यंत्रांचेही तेच होऊ शकते. इंग्लंड-फ्रान्सदरम्यानच्या बोगद्यात इंग्लंडच्या बाजूची काही यंत्रे काम संपल्यावर जमिनीतच गाडली गेली. तिथे ते समुद्राखाली होते, इथे वर बिबट्यांचे जंगल आहे. त्यामुळे यंत्र बाहेर कसे काढणार, खडक कुठे टाकणार, खड्ड्याच्या जागी कोणती स्थानिक झाडे लावणार, हे पालिकेने आत्ताच जाहीर करावे. डंपरच्या खेपांची नोंद तर दरमहा संकेतस्थळावर यायला हवी.