पैसा सरकारचा, विश्वास श्रोत्यांचा

गिरीजहून वसई रोड स्थानक गाठून रोज मुंबईस कामाला जाणारा कारकून लोकलमध्ये मोबाइलवर बीबीसीच्या मराठी बातम्या वाचतो, तेव्हा या बातमीचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न सहसा त्याच्या मनात येत नाही. ही सेवा ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली. मराठीसह अनेक नव्या भाषांतील विस्तारासाठी ब्रिटिश सरकारने २८ कोटी ९० लाख पौंडांचे अनुदान दिले होते. विशेष हे की, या अनुदानाची घोषणा नोव्हेंबर २०१५ मधील राष्ट्रीय सुरक्षा व संरक्षणविषयक आढाव्यात झाली. परक्या देशाने मराठी बातम्यांवरील खर्च संरक्षणाच्या हिशेबात धरावा, हे विचार करायला लावणारे आहे. लंडनहून मराठी नभोवाणी पूर्वीही होत असे. ती महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली सुरू झाली आणि १९५८ मध्ये बंद पडली.

या मार्गाची पहिली कसोटी मात्र अरबी भाषेत लागली. मुसोलिनीच्या इटलीने बारी येथील केंद्रावरून ब्रिटनविरुद्ध अरबी प्रचार चालविला होता. त्याला उत्तर म्हणून ३ जानेवारी १९३८ रोजी बीबीसीने अरबी सेवा सुरू केली. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील ही तिची पहिलीच सेवा. पहिल्याच दिवशीच्या बातम्यांत, पॅलेस्टाइनमधील एका अरबाला ब्रिटिश लष्करी न्यायालयाच्या हुकुमाने फाशी दिल्याचे वृत्त होते. परराष्ट्र खाते नाराज झाले. परंतु मालकाला अडचणीची ठरणारी बातमीही हे केंद्र देते, एवढे श्रोत्यांना त्याच दिवशी कळून चुकले.

याच्या नेमके उलट उदाहरण अमेरिकेचे. इराक युद्धानंतर अरब जनमत वळविण्यासाठी अमेरिकेने फेब्रुवारी २००४ मध्ये ‘अल् हुर्रा’ ही अरबी दूरचित्रवाणी वाहिनी सुरू केली. आरंभीच्या वर्षासाठी काँग्रेसने ६ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले. पैशाची ददात नव्हती, यंत्रसामग्रीची तर नव्हतीच. पण पुढच्याच महिन्यात ‘हमास’चे नेते शेख अहमद यासीन इस्रायली हल्ल्यात मारले गेले, तेव्हा इतर अरब वाहिन्या ते वृत्त देत असताना या वाहिनीवर पाककृतींचा कार्यक्रम चालू होता. वाहिनीच्या नावाचा अर्थ ‘मुक्त’ असा आहे. प्रेक्षकांनी त्यावरून काय ताडले असेल, हे सांगावयास नको.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता विश्वास ही मोठी विलक्षण वस्तू आहे. इतर मालाच्या बाबतीत पैसे मोजणाऱ्याचा त्यावर ताबा असतो. विश्वासाच्या बाबतीत तो ताबा गाजवू लागला की, ज्या मालासाठी पैसे मोजले तोच नाहीसा होतो. म्हणून सरकारी प्रक्षेपणाची कसोटी एकच : पैसा देणाऱ्याला न रुचणारी बातमी संपादक देऊ शकतो काय? कतारच्या पैशावर १९९६ साली निघालेल्या ‘अल् जझीरा’ने अरब जगतातील अनेक राजवटींना धारेवर धरले, पण खुद्द कतारविषयी तिची वाणी मवाळ होते, हा आक्षेप आहेच. कसोटी तिलाही चुकत नाही.

तथापि, संपादकाला स्वातंत्र्य मिळाले तरी प्रश्न पुरता सुटत नाही. तिजोरीची किल्ली परक्याच्या हाती असते. ८५ वर्षे चाललेली बीबीसीची अरबी नभोवाणी जानेवारी २०२३ मध्ये काटकसरीपोटी बंद झाली. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने अनुदान रोखताच ‘अल् हुर्रा’चे प्रक्षेपण थांबले. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता, त्या श्रोत्यांना कोणी विचारले नाही. १९५८ मध्ये मराठी श्रोत्यांच्या हातीही काही नव्हते.

भारतालाही यातून बोध घेण्याजोगे आहे. आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात. त्यांत कोकणपट्टीतील मराठी माणसे थोडी नाहीत. त्या प्रदेशाशी त्याच्या भाषेत बोलण्याची गरज भारताला आहे, आणि आकाशवाणीच्या परदेश सेवेने अरबी कार्यक्रम केलेलेही आहेत. पण उद्या नवी अरबी वाहिनी काढावयाची झाली, तर मनोरे आणि उपग्रह यांचा हिशेब नंतर करावा. प्रसार भारती १९९७ साली स्वायत्त म्हणून अस्तित्वात आली, तरी आजही ती मुख्यतः सरकारी अनुदानावरच उभी आहे. दिल्लीला न आवडणारी बातमी जी संस्था गिरीजच्या वाचकाला मराठीत निःशंकपणे देऊ शकत नसेल, तिच्या अरबी बातमीवर दुबई आणि कैरोने विश्वास ठेवावा, ही अपेक्षा व्यर्थ होय. परदेशात पत कमवावयाची तर ती आधी घरी कमवावी लागते.