घरचें आरोग्य : उपवास आणि मधुमेह

रामनवमीस काळारामाच्या दर्शनास जाणाऱ्या नाशिककरांत मधुमेही मंडळी थोडीं नसतात. सकाळीं औषध घ्यावें, दुपारपर्यंत रिकाम्या पोटीं राहावें आणि मग ताटभर साबुदाण्याची खिचडी खावी, हा पुष्कळ घरांतील परिपाठ आम्हांस घातक वाटतो. इन्शुलिन अथवा ग्लिमेपिराईडची गोळी पोटांत अन्न नसतांहि आपलें काम करीतच असते. १०० मिलिलिटर रक्तांतील साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली कीं हात कांपूं लागतात, घाम फुटतो. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदांतील जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो खातांच तीच साखर झपाट्यानें वर चढते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही थट्टा येथें थट्टा राहत नाहीं.

उपवास करणेंच असेल तर औषधाचें प्रमाण आधीं डॉक्टरांस विचारावें. थोडी भगर, दाण्याची आमटी व ताक असें दोनतीन वेळां विभागून घ्यावें. द्राक्षें मोजून दहापंधरा. नाशकांत हें सांगणें अवघड खरें! कंप सुटल्यास, रोगी शुद्धीवर असेल तर, तीन चहाचे चमचे साखर पाण्यांतून तत्काळ द्यावी व पाव तासानें रक्त पुन्हा तपासावें. त्या वेळीं आरती झाली कीं नाहीं, हें पाहूं नये.