अर्धशिशीत ताटाआधी घड्याळ तपासा



मायग्रेनवर लेख आला की सोबत वर्ज्य पदार्थांची चौकट ठरलेलीच : चॉकलेट, चीज, दही, केळी, संत्री, शेंगदाणे. रुग्ण ती कापून फ्रिजला चिकटवतात, एकेक पदार्थ सोडत जातात आणि डोके दुखायचे ते दुखतच राहते. अशा सरसकट याद्यांना माझा ठाम विरोध आहे.

मुरवलेल्या चीजमधल्या टायरामीन या घटकामुळे अर्धशिशी उठते, हा विचार १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये संशोधक हॅनिंग्टन यांनी मांडला. पुढच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत; यादी मात्र कायम राहिली. महिनोन्महिने मुरलेल्या चीजचा नियम आपण रात्री विरजण लावलेल्या घरच्या दह्यालाही लावून टाकला. चॉकलेटचेही तेच. अमेरिकेत १९९७ मध्ये डोकेदुखीच्या ६३ महिला रुग्णांना चॉकलेट आणि तशाच चवीचे कॅरोब देऊन पाहिले. कोणाला काय दिले, हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही. चॉकलेटने कॅरोबपेक्षा जास्त डोकेदुखी झाली नाही.

मग चॉकलेट खाल्ल्यावर डोके दुखल्याचा इतक्या जणांचा अनुभव खोटा का? नाही. वेदना सुरू होण्याच्या काही तास, कधी दोन दिवस आधीच मेंदूत झटक्याची सुरुवात झालेली असते. जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते आणि गोडाची वासना होते. चॉकलेट त्या वासनेपोटी खाल्ले जाते आणि दोष त्याच्यावर येतो. उलटी होते म्हणून ‘पित्त झाले’ म्हणतात, तिचेही मूळ या मेंदूच्या विकारातच आहे.

उपाशी राहणे हे मात्र रुग्ण सर्वांत जास्त सांगतात त्या कारणांपैकी एक आहे आणि आपल्याकडे नेमके तेच दुर्लक्षित राहते. माझ्या वहिनीची संकष्टी मी वर्षानुवर्षे पाहते आहे. सकाळी चहा, दुपारी जमले तर वाटीभर साबुदाण्याची खिचडी. संध्याकाळी उकड काढून मोदक वळायचे, चंद्रोदय नऊच्या पुढे. मग नैवेद्य, मग सगळ्यांची पाने आणि शेवटी तिचे. पहाटे अर्धे कपाळ ठणकायला लागले की घरचे म्हणणार, “रात्री मोदक जास्त झाले.” दिवसभराच्या रिकाम्या पोटाकडे कोणाचे लक्षच जात नाही. मायग्रेन बायकांमध्ये पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो. पाळीच्या सुमारास इस्ट्रोजेन घटल्यानेही तो बळावतो. उपास आणि सगळ्यांच्या मागून जेवण्याची रीत याही बहुतांशी त्यांच्याच वाट्याला येतात.

खाण्याचा संबंध अजिबात नाही, असे मी म्हणत नाही. मद्याने, विशेषतः रेड वाइनने अनेकांना त्रास होतो. चहा-कॉफी अति झाली तरी आणि रोजची एकदम तोडली तरी डोके धरते. एखाद्याला एखादा पदार्थ खरोखर बाधतोही. पण ते ठरवायचे त्याच्या स्वतःच्या नोंदीवरून, दुसऱ्याच्या यादीवरून नव्हे. जेवणाच्या वेळा, झोप, चहा, पाळी, दुखण्याची वेळ आणि घेतलेली गोळी, एवढे दोन-तीन महिने लिहावे. संशय आलाच तर एका वेळी एकच पदार्थ सोडून पाहावा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, असे महिनोन्महिने चालले तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. वही घेऊन डॉक्टरांकडे जावे ते त्याआधीच.

संपादकांना विनंती, पुढच्या वेळी वर्ज्य पदार्थांच्या चौकटीऐवजी नोंदवहीचा नमुना छापा. आणि घरोघरच्या मंडळींना सांगणे एवढेच : अर्धशिशी असलेल्या बाईला निर्जळी उपासाचा आग्रह करू नका, तिचे पान सगळ्यांबरोबर वाढा. वेळेवर जेवणे हे तिच्यासाठी पथ्यच आहे.

– एक वाचक, सातारा