डबीवरील दोन शब्द : ‘बोटॅनिकल’ आणि ‘प्रोबायोटिक’

तारुण्यपीटिका हा शब्द कानाला गोड वाटतो, पण ते दुखणे सोळा वर्षांच्या मुलीला जिव्हारी लागते. घरात लग्नकार्य असेल तर ते तिचे एकटीचे राहत नाही. आई, काकू, आत्या सगळ्याच वैद्य होतात आणि महिन्याभरात आरशासमोर चार-पाच डब्या जमा होतात. अलीकडे या डब्यांवर दोन शब्द हमखास आढळतात. ‘बोटॅनिकल’ हा शब्द वाचताच श्रावकाच्या घराला वाटते, वनस्पतीचे आहे, म्हणजे निर्दोष आणि निरुपद्रवी. ‘प्रोबायोटिक’ म्हटले की मात्र मन कचरते : जिवंत जिवाणू चेहऱ्यावर चोळायचे? दोन्ही समजुती तपासून घेण्याजोग्या आहेत.

दुसऱ्या शब्दापासून आरंभ करणे सोयीचे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली प्रोबायोटिकची व्याख्या केली, ती अशी की पुरेशा प्रमाणात दिल्यास आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. आता क्रीमचा विचार करावा. त्यात पाणी असते, पाण्यात बुरशी धरू नये म्हणून परिरक्षक घातलेले असते, आणि जे परिरक्षक बुरशीला टिकू देत नाही ते या जिवाणूंना तरी कसे टिकू देईल? म्हणून बहुतेक डब्यांत जिवंत काही नसते. कारखान्यात जिवाणू वाढवून, त्यांच्या पेशी फोडून काढलेला अर्क, किंवा ते ज्या द्रवात वाढले तो गाळलेला द्रव, एवढेच असते. डबीच्या पाठीवर ‘लायसेट’ वा ‘फर्मेंट फिल्ट्रेट’ असे लिहिलेले असते ते हेच. अशा निर्जीव घटकांसाठी तज्ज्ञांनी २०२१ साली ‘पोस्टबायोटिक’ हा निराळा शब्द निश्चित केला; पण तो विक्रीला तितकासा सोयीचा नाही.

तेव्हा जिवंत जिवाणू चेहऱ्यावर चोळले जातात ही शंका बहुतांशी निराधार ठरते, परंतु तिच्या जागी दुसरी उभी राहते. हे जिवाणू वाढवले जातात ते फोडण्यासाठीच. त्या हिंसेचा विचार कोणत्या मर्यादेत करावा, याचे उत्तर डबीवर मिळणार नाही. विरजण लावणाऱ्या घराने आणि दह्याचेही सेवन सोडलेल्या घराने ते एकच द्यावे असेही नाही; ज्याने त्याने आपल्या व्रतानुसार, साधु-साध्वींना विचारूनच ते ठरवावे. एवढे मात्र सांगता येते की यांपैकी काही जिवाणू परिचयाचे आहेत. योगर्ट या नावाने विकल्या जाणाऱ्या दह्यातील स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जिवाणूचा अर्क त्वचेवर लावल्यास तेथील सेरामाइड, म्हणजे ओलावा धरून ठेवणारा स्निग्धांश, वाढतो असे प्रयोगांत दिसले आहे. कोरड्या, चुरचुरणाऱ्या त्वचेला त्याने शांतता लाभू शकते. मुरूम बरे होण्याबाबतचा पुरावा मात्र थोड्या आणि लहान प्रयोगांपुरताच आहे. असे क्रीम सोबतीला असावे. उपचार म्हणून त्यावर विसंबणे योग्य नव्हे.

मुरूम होतो तो रोमकूपात. तेथील तैलग्रंथी यौवनात अधिक स्निग्ध द्रव्य सोडतात, मृत पेशींनी तोंड बुजते, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा नित्याचाच जिवाणू वाढतो आणि दाह सुरू होतो. चेहरा घासून धुतल्याने हे थांबत नाही. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण ५ पीएचच्या आसपास असतो आणि साध्या साबणाचा पीएच ९ ते १०. दिवसातून पाच वेळा साबण लावणारी मुलगी मुरूम घालवत नाही, त्वचेचे संरक्षक आवरण मात्र झिजवते. लिंबाचा रस चोळणे हे त्याचेच उलटे टोक. बेसन आणि दही यांचा लेप संवेदनशील त्वचेला चुरचुरू शकतो, आणि ज्या घरात द्विदल पाळतात तेथे तो कालवताना हात थोडा अडखळणे स्वाभाविकच आहे.

आता वनस्पतींकडे. मुरुमांवर ज्यांची रीतसर परीक्षा झाली त्यांत टी ट्री तेलाचे नाव प्रथम घ्यावे लागते. ऑस्ट्रेलियात १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत १२४ रुग्णांवर ५ टक्के टी ट्री तेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांचा वापर झाला. दोहोंनी मुरूम कमी झाले; तेलाचा गुण उशिरा आला, पण त्याचा त्रास कमी झाला. प्रमाण ५ टक्के होते, हे विसरता कामा नये. शुद्ध तेल बोटाने थेट लावणे धोक्याचे. उन्हात, उघड्या झाकणाने पडून राहिलेल्या तेलाचे हवेने रूपांतर होऊन ते ॲलर्जी निर्माण करते, ही गोष्ट घाऊक बाटलीतून लहान बाटल्या भरणाऱ्या व्यापाऱ्याने तर ध्यानी ठेवावीच. वनस्पतीचे ते सौम्यच, असा नियम नाही.

आणि वनस्पतीचे ते निर्दोषच, असाही नाही. कोरफड प्रत्येक दुसऱ्या डबीवर असते. पण श्वेतांबर परंपरेने सांगितलेल्या ३२ अनंतकायांत तिचे नाव आहे. नियम मुख्यत्वे भक्षणाचा असला तरी कडक पालन करणाऱ्यांना हे ठाऊक असावे. ज्येष्ठमध हे मूळ आहे, मात्र ते वाळवूनच वापरतात. ओली हळद वर्ज्य आणि वाळलेली ग्राह्य, हा विवेक ज्या घरात आहे तेथे त्याची अडचण वाटू नये. मंडूकपर्णी, जी डबीवर ‘सेंटेला एशियाटिका’ नावाने येते, तिची पाने प्रामुख्याने वापरतात आणि लाल झालेली त्वचा निवविण्यासाठी ती चांगली.

खरा घोटाळा होतो तो वनस्पतीच्या शेजारी बसलेल्या प्राणिज द्रव्यांनी. पुढे कडुलिंबाचे चित्र आणि मागे ‘मेल’, म्हणजे मध. ‘सेरा अल्बा’, म्हणजे मेण. ‘स्नेल सिक्रीशन फिल्ट्रेट’, म्हणजे गोगलगायीचा स्राव. ‘सीआय ७५४७०’, म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग. स्क्वालेन ऑलिव्हचे वा उसापासूनचेही असते आणि शार्कच्या यकृताचेही. हिरवी खूण खाद्यपदार्थांवर पाहण्याची सवय आहे, प्रसाधनांच्या प्रत्येक डबीवर ती असेलच असे नाही. जिने मद्य-मांस-मधूचा त्याग केला आहे तिला ही अक्षरे वाचता यावीत आणि दुकानदाराला ती सांगता यावीत.

दुकानदाराचा विषय निघालाच आहे, तर एक कटू गोष्टही लिहावी लागते. ‘चार दिवसांत चेहरा साफ’ असे सांगून काउंटरवरून मिश्र क्रीम दिले जाते. त्यात अनेकदा तीव्र स्टेरॉइड असते. ते दाह दाबते, म्हणून गुण चटकन दिसतो. महिन्यांनंतर त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, नवे मुरूम उठतात आणि क्रीम थांबवताच चेहरा भडकतो. अशा १४ स्टेरॉइड मलमांचा केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनुसूची ‘एच’मध्ये समावेश केला, चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे, म्हणजे एका वस्तूच्या नावाने दुसरी देणे. ‘आयुर्वेदिक’ म्हणून स्टेरॉइड देणे हे दुसरे काय आहे?

नवी डबी आणली की प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस आठवडाभर थोडी लावून पाहावी आणि एका वेळी एकच आणावी. गाठीसारखे, दुखणारे मुरूम असतील, खड्डे पडू लागले असतील किंवा पाळी अनियमित असेल, तर घरगुती प्रयोगांत महिने न दवडता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. एकदा पडलेला व्रण सहजी भरत नाही. तेथेही एक प्रश्न विचारायचा राहतो. तीव्र मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन बहुधा जिलेटिनच्या मऊ कॅप्सूलमध्ये येते आणि गर्भावस्थेत ते अत्यंत घातक असल्याने विवाहितेने वा विवाह ठरलेल्या मुलीने त्याबाबत डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. कॅप्सूल चालत नसेल तर तसे आधीच सांगावे. इतर काही औषधे गोळीच्या स्वरूपात मिळतात आणि डॉक्टर त्यांचा विचार करू शकतात. न सांगता औषध मध्येच सोडणाऱ्या मुलींचा चेहरा पुन्हा पहिल्यावर येतो.